५ किलोव्होल्टचा डीसी सप्लाय: यंत्र दणकट, रेझिस्टर भलत्याच जागी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी आमच्या फिजिक्स लॅबने हा ५ किलोव्होल्ट, २० मिलिअँपिअरचा टेबलटॉप सप्लाय घेतला. काम एकच: व्हॅक्यूम पंप न लावता, उघड्या हवेत ग्लो डिस्चार्ज (वायूतून वीज वाहताना ठिणगीऐवजी दिसणारा शांत, अखंड उजेड) स्थिर ठेवायचा. पंपाचं तेल आणि गळके जॉइंट यांना जो विटलाय त्याला हा मोह कळेल.

माहितीपत्रकाप्रमाणे जोडला, तर ग्लो कुठला, नुसती तडतड. ठिणग्या इतक्या भराभर की कानाला शिट्टीसारख्या लागतात. मीटर मात्र सरासरी करंट दाखवत गप्प बसलेला, त्यामुळे पोरांना वाटलं, जमलं! गोम अशी की बॅलास्ट, म्हणजे करंटला लगाम घालणारा, रेझिस्टर कंपनीने डब्याच्या आत बसवलाय आणि पुढे २ मीटरची शिल्डेड केबल दिलीय. अशा केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. म्हणजे रेझिस्टरच्या पुढे २०० पिकोफॅरडचा कपॅसिटर फुकटात लटकतोय. तो भरतो, ठिणगी पाडून फटकन रिकामा होतो, पुन्हा भरतो. त्याला आवरणारं मध्ये कुणी नाही.

आतला रेझिस्टर बायपास करायला मागे लिंक आहे, हे मात्र चांगलं केलंय. ती लावली आणि ४७ किलोओहमचे पाच वायरवाउंड रेझिस्टर सिरीजमध्ये थेट इलेक्ट्रोडला टेकवून बसवले. अ‍ॅनोड म्हणून टिग वेल्डिंगची टंगस्टनची काडी, कॅथोडला तांब्याची चकती, फट अर्धा मिलिमीटर. ३ किलोव्होल्टला पेटला आणि आवाज बंद! करंट १०.५ मिलिअँपिअर. रेझिस्टरवर २४७० व्होल्ट गेले, फटीत उरले जेमतेम ५३०. हे गणित हातानेच करावं लागतं, कारण डिस्प्ले फक्त डब्यातलं व्होल्टेज दाखवतो. या किमतीत ही कंजुषी खटकते.

पण ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप लावून बघा. चकतीवर निळसर-जांभळा चपटा ठिपका, त्यावर बारीक काळी पट्टी, मग काडीपर्यंत गुलाबी स्तंभ. डिस्चार्ज ट्यूबमध्ये वीतभर पसरलेलं सगळं इथे अर्ध्या मिलिमीटरमध्ये! करंट वाढवला की व्होल्टेज जवळपास तेवढंच राहतं, ठिपका तेवढा पसरतो. व्हायवाला याहून चांगला प्रश्न नाही.

माहितीपत्रकातलं ‘कोल्ड प्लाझ्मा’ (वीज वाहूनही थंड राहणारा वायू) मात्र विसरा. कागदाची पट्टी फटीत सरकवली की करपते. वातावरणीय दाबाला डीसी ग्लोमधला वायू सहज हजार केल्विनच्या पुढे जातो, नायट्रोजनचे ऑक्साइडही बनतात. एक्झॉस्ट फॅन लागतोच.

५ पैकी ३ तारे. घ्यायचाच तर बिनबॅलास्टचा मागा. आणि झाकण उघडताच सप्लाय तोडणारा इंटरलॉक ऑर्डरमध्येच लिहून घ्या, आमच्याकडे तो ‘ऑप्शनल’ निघाला. २० मिलिअँपिअर अंगातून गेला तर जीव जाऊ शकतो, त्यात ऑप्शनल काय?