दादरमधील पल्सार-निरीक्षण वर्ग : चार रविवारांनंतरचे मत

कमी वारंवारतेच्या रेडिओ दुर्बिणींतून मिलिसेकंद पल्सारांचे (काही मिलिसेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारणाऱ्या आणि दर फेरीला रेडिओ लहरींचा एक स्पंद पाठवणाऱ्या मृत ताऱ्यांचे) निरीक्षण कसे करतात, हे मराठीतून शिकवणारा चार रविवारांचा वर्ग मी नुकताच पूर्ण केला. दादर पश्चिमेच्या एका शाळेत खगोलप्रेमींचे एक लहान मंडळ तो चालवते. बारावीचे भौतिकशास्त्र आठवत असेल आणि हाताशी लॅपटॉप असेल, तर हा वर्ग जरूर करावा, असे माझे मत आहे.

पहिल्या रविवारी इतिहास सांगताना शिक्षकांनी, पल्सार प्रथम सापडले त्या केंब्रिजऐवजी कल्याणपासून सुरुवात केली, हे मला फार आवडले. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ऑस्ट्रेलियाहून आलेल्या 32 लहान तबकड्या (डिश अँटेना) कल्याणला उभारून सूर्याचे निरीक्षण केले होते, हे वर्गातल्या कल्याणकरांनाही ठाऊक नव्हते. पुढे त्याच परंपरेतून जुन्नर तालुक्यातील खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली.

वर्गाचा खरा कस लागला तो दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी. ताऱ्यांमधल्या विरळ वायूतील मुक्त इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी आपल्यापर्यंत उशिरा पोहोचतात, हे पुस्तकात वाचलेले असते. पण तो उशीर केवढा, हे आम्हाला स्वतः मोजायला लावले. जे1909-3744 हा पल्सार 2.95 मिलिसेकंदांत एक फेरी पूर्ण करतो, आणि त्याच्या एकाच स्पंदाचा 300 मेगाहर्ट्झचा भाग 500 मेगाहर्ट्झच्या भागानंतर सुमारे 307 मिलिसेकंदांनी येतो, म्हणजे तोवर पल्सारच्या शंभराहून अधिक फेऱ्या झालेल्या असतात! पडद्यावर आधी नुसत्या तिरक्या रेघा दिसतात. इलेक्ट्रॉनांच्या प्रमाणाचा आकडा, म्हणजे डीएम, 10.39 असा भरला की त्या सरळ उभ्या राहतात आणि खालच्या आलेखात एक अरुंद, टोकदार शिखर वर येते. तोच आकडा 0.1 ने चुकवायला सांगितले, तेव्हा ते शिखर पूर्ण फेरीभर पसरून आलेख सपाट झाला. तो क्षण मी विसरणार नाही.

एवढा त्रास असताना कमी वारंवारतेकडे वळायचेच कशाला, या प्रश्नाचे उत्तरही समाधानकारक मिळाले. पल्सार तिथे सहसा अधिक तेजस्वी दिसतात. शिवाय उशीर मोठा असल्यामुळेच डीएममधला सूक्ष्म बदल तिथे नेमका पकडता येतो, आणि तो पकडला नाही तर स्पंदांच्या वेळेतली चूक गुरुत्वीय लहरींच्या (अवकाशकाळातल्या तरंगांच्या) खुणांत मिसळून जाते. स्पंदांच्या वेळा मोजून या लहरी शोधणाऱ्या भारतीय पल्सार टायमिंग अॅरे या गटाचे शास्त्रज्ञ जीएमआरटीच्या तबकड्या दोन गटांत विभागून 300 ते 500 आणि 1260 ते 1460 मेगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे एकाच वेळी नोंदवतात ते याचसाठी. जून 2023 मध्ये युरोपीय चमूबरोबर जाहीर झालेल्या, नॅनोहर्ट्झ (एका आंदोलनाला अनेक वर्षे घेणाऱ्या) गुरुत्वीय लहरींच्या पुराव्यात या नोंदींचा वाटा होता.

तक्रारी दोन आहेत. ताऱ्यांमधल्या वायूच्या घनतेतल्या चढउतारांमुळे स्पंदाला जी शेपटी फुटते, ती वारंवारतेच्या साधारण चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात वाढते आणि डीएमचा आकडा भरून जात नाही. इतका महत्त्वाचा विषय शेवटच्या वीस मिनिटांत उरकला गेला. दुसरे म्हणजे, सरावाची नोंद संगणकावर तयार केलेली होती, त्यामुळे तीत मोबाइल, वीजवाहिन्या, वाहनांच्या ठिणग्या यांचा गोंगाट अजिबात नव्हता. मुंबईत बसून हे शिकणाऱ्याला दुर्बीण खोडदला का न्यावी लागली, हे त्या गोंगाटानेच पटले असते. ही विनंती मी मंडळाला लेखी दिली असून, पुढच्या तुकडीसाठी प्रत्यक्ष निरीक्षणाची नोंद वापरू, असे त्यांनी कळवले आहे.

प्रोजेक्टर मंद असल्याने तिरक्या रेघा मागून नीट दिसत नाहीत. पहिल्या दोन बाकांवर जागा धरावी.