अडीच हजारांची दांडी आणि तिच्यामागून आलेला पंखा

आमच्या घरात हौसेने घेतलेल्या वस्तूंची यादी मोठी आहे आणि त्यातल्या बऱ्याच आता माळ्यावर राहतात. एअर फ्रायर आहे, त्यात दोनदा बटाटे आणि एकदा अळूवडी झाली, मग तो खोक्यात गेला. व्यायामाची सायकल होती, तिच्यावर टॉवेल वाळायचे, शेवटी विकली. त्यामुळे कुणी विचारलं की बाई तुझ्या घरात सगळ्यात कामाची वस्तू कुठली, तर मी बोट वर करून छत दाखवते. छताला टांगलेला, दोरी ओढून वरखाली करायचा कपडे वाळत घालायचा स्टँड. दुकानात त्याला सीलिंग हँगर नाहीतर पुली हँगर म्हणतात, आमच्या सासूबाई दांडी म्हणतात.

आधी परिस्थिती सांगते. भांडुप, चौथा मजला, वन बीएचके, माणसं चार. बाल्कनी बिल्डरने कागदावर दिली होती, ती हॉलमध्ये घेतली गेली, उरली खिडकीची ग्रिल. ग्रिलबाहेर कपडे घातले की वरच्यांचं पाणी गळतं, आमचं खालच्या वहिनींच्या पापडांवर गळतं. मग काय, जमिनीवरचा तो पंख पसरलेला घडीचा स्टँड. जून ते सप्टेंबर तो हॉलच्या मधोमध उभा, टीव्ही बघायचा तर बनियनच्या फटीतून, पाहुणे आले की आधी स्टँड उचलून बेडरूममध्ये आणि मग "या या बसा". आणि एवढं करून कपडे काही वाळायचे नाहीतच. जुलैत मुंबईच्या हवेत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास, हवाच पाणी पिऊन बसलेली, ती कपड्यातलं अजून कुठे घेणार. दोन-दोन दिवस ओल राहिली की त्यात जिवाणू वाढतात आणि तो कुबट वास सुटतो. मुलाच्या शाळेच्या शर्टाला तो वास यायचा, मी इस्त्री मारून मारून उडवायला बघायचे, इस्त्रीने वास गरम व्हायचा फक्त.

तर दोन वर्षांपूर्वी स्टेशनकडच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून सहा दांड्यांचा, सहा फुटी सेट घेतला. अडीच हजार आणि लावायचे पाचशे वेगळे. दुकानदाराने चुंबक काढून पाइपला लावून दाखवलं, चिकटत नाही बघा मॅडम, म्हणजे ३०४ नंबरचं स्टेनलेस स्टील आहे. मी इम्प्रेस. नंतर कळलं की २०२ नंबरचं स्टीलही चुंबकाला सहसा चिकटत नाही, त्यामुळे त्या जादूला काही अर्थ नाही. फरक आतल्या मालाचा, ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज घालतात, म्हणून ते स्वस्त आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत लवकर डाग धरतं. बिलावर ग्रेड लिहून मागा, लिहून देताना दुकानदाराचा चेहरा बघा, कळतं.

लावायला आलेल्या दादांनी स्लॅबला ड्रिल घातलं आणि तिसऱ्याच भोकाला कर्र असा आवाज, सळई लागली. दोन इंच सरकवून नवीन भोक. ज्यांच्याकडे पीओपीचं छत आहे त्यांनी हे नीट ऐका, नुसत्या पीओपीला हे लावायचं नाही, वर खऱ्या स्लॅबपर्यंत अँकर, म्हणजे दांडी पेलणारा बोल्ट, गेला पाहिजे, ओल्या जीन्स आणि डबलबेडची चादर एकत्र आली की वजन गमतीचं नसतं. आणि सोसायटीत दुपारी एक ते चार ड्रिल बंद असेल तर कारागिराला अकराला बोलवा, तो बाराला येतो.

आता काम कसं चालतं. प्रत्येक दांडीला दोन टोकांना दोरी, दोन्ही दोऱ्या कप्प्यांवरून भिंतीकडे येतात आणि तिथे हुकाला गुंडाळायच्या. एक दांडी छातीपर्यंत खाली घ्यायची, कपडे घालायचे, सर्रकन वर. हात वर करून टाचा उंचावून काही नाही. माझा उजवा खांदा तेव्हा आखडलेला, त्याला हे औषधासारखं लागलं. पण एक मेख आहे. दोन्ही दोऱ्यांची लांबी अगदी सारखी नसेल तर दांडी तिरकी होते, आणि मग सगळे कपडे घसरत घसरत एका कोपऱ्यात जमतात, गर्दीच्या वेळी लोकलच्या दारात माणसं जमतात तसे. ती गाठ पहिल्याच दिवशी कारागिराकडून ओले कपडे घालून तपासून घ्या, रिकामी दांडी सरळ दिसते, भरल्यावर खरं कळतं.

आणि तक्रार, कारण तक्रार आहेच. सेटसोबत आलेली दोरी रद्दी निघाली. आठव्या महिन्यात कप्पीजवळ झिजून तुटली आणि दांडी एका बाजूने खाली, चादरीसकट, थेट सासूबाईंच्या खुर्चीवर. त्या तेव्हा देवघरात होत्या म्हणून बरं. दुकानात गेले तर म्हणे दोरीची गॅरंटी नसते. मग बाजारातून विणीची जाड नायलॉन दोरी मीटरवर आणली, सहाही दांड्यांच्या दोऱ्या बदलल्या, प्लॅस्टिकच्या कप्प्या काढून धातूच्या लावल्या, वरखर्च सातशेच्या आसपास. तेव्हापासून ठणठणीत. म्हणजे तुम्ही घेणार असाल तर दोरी आणि कप्पी पहिल्याच दिवशी बदला, पाइपांच्या टोकांची प्लॅस्टिकची बुचं पण पडतात पण ती पडली तरी काही बिघडत नाही.

सासूबाईंचं म्हणणं मात्र ऐकण्यासारखं. मी कौतुकाने दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या, "अगं यात नवीन काय? आमच्या गिरगावच्या चाळीत होतीच की दांडी छताला. सोवळ्याचं काठीने वर टाकायचो. तुमच्याकडे कप्पी आली इतकंच." मी गप्प. मागच्या पिढीत होतं ते आपण काढून टाकलं, मध्ये वीस वर्षं घडीच्या स्टँडला अडखळून पडलो आणि आता पैसे देऊन परत लावलं.

यातून पुढची खरेदी आली. वर कपडे गेले, जमीन मोकळी झाली, पण पावसाळ्यात वाळायचे तर हवा खेळती पाहिजे, म्हणजे हॉलचा पंखा दिवसरात्र. आमचा पंखा लग्नातला, पाचवर लावला की कुंईकुंई. आणि बिल! आमच्याकडे महावितरणची लाईट, शहरात बेस्ट आणि बाकी उपनगरांत अदानी-टाटा असली तरी हिशेब सगळीकडे सारखाच, तीनशे युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर चढतो. आम्ही त्या रेषेच्या जरा अलीकडे-पलीकडे लोंबकळणारे.

म्हणून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, पंखा घेतला. साधा पंखा फुल स्पीडला साधारण ७५ वॅट घेतो, हा तीसेक वॅट. दिवसाला अठरा तास चालला तर महिन्याला चोवीसेक युनिट वाचतात, एका पंख्यामागे. कारण सोपं आहे, जुन्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागालाही विजेवरच चुंबक बनवावं लागतं, त्यात वीज उष्णता होऊन जाते, यात कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि वीज आतलं सर्किट मोजून मोजून देतं. म्हणून जुन्या पंख्याचं पोट हाताला गरम लागायचं, याचं लागत नाही. जानेवारी २०२३ पासून पंख्यांनाही स्टार लेबल सक्तीचं आहे, तेव्हा पाच स्टार बघून घ्या, सेल्समनचं तोंड बघून नको.

घेतला मी लोहार चाळीतून. ऑफिस फोर्टला, शनिवारी हाफ डे, क्रॉफर्ड मार्केटवरून आत शिरलं की दोन्ही बाजूला नुसत्या वायरी, दिवे आणि पंखे, आणि मधून हातगाडीवाले "साइड साइड" करत. तीन दुकानांत तीन भाव, शेवटी पहिल्याच दुकानात परत गेले, हे आपलं नेहमीचं. खोका घेऊन सीएसएमटीवरून स्लो लोकल, लेडीज डबा, वर रॅकवर खोका चढवायला एका कोळणीने मदत केली आणि भायखळ्यापर्यंत किंमत विचारत बसली.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगते. याला भिंतीतला जुना रेग्युलेटर चालत नाही, तो काढून सरळ कनेक्शन द्यावं लागतं, स्पीड रिमोटने. आणि रिमोट म्हणजे घरात भांडणाचं नवीन कारण. नवऱ्याला थंडी वाजते, मला उकडतं, आधी बटणापर्यंत उठून जायचा आळस होता म्हणून शांतता होती. रिमोट हरवला तर पंखा नुसता चालू-बंद होतो, आमचा एकदा चादरीच्या घडीत कपाटात गेला, चार दिवस फुल स्पीडवर काढले. आता तो वेल्क्रोने भिंतीला चिकटवलाय.

तिसरी गोष्ट दोन ओळींत. कप्प्यांवरची धूळ आणि पंख्याची पाती पुसायला अ‍ॅल्युमिनियमची तीन पायऱ्यांची घडीची शिडी घेतली. आधी स्टुलावर स्टूल ठेवून मी चढायचे आणि नवरा खाली धरायचा, म्हणजे मोबाइल धरायचा. शिडी दाराच्या मागे उभी राहते, जागा घेत नाही, गणपतीला मखर बांधायला, माळ्यावरून डबे काढायला रोजची झाली. चढायच्या आधी मधला खटका बसलाय ना ते बघायचं, बस.

कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे मोठी उन्हाची बाल्कनी आहे त्यांनी दांडीच्या नादी लागू नये. छत साडेनऊ फुटांच्या आत असेल तर लांब नाइट गाऊन, साड्या डोक्याला लागतील, त्या दुहेरी घालाव्या लागतात. आणि पंख्याच्या पात्यांपासून चांगलं तीनेक फूट लांब लावा, आमच्या ओळखीत एकांचा टॉवेल गुंडाळला गेलाय. हवा खालून तिरकी लागली की पुरे, आता जुलैतही रात्री घातलेले सुती कपडे दुसऱ्या संध्याकाळी काढते, जीन्सला दीड दिवस. वास नाही. मुलाचा शर्ट नाकाला लावून बघायची सवय मात्र अजून गेली नाही.

सहापैकी भिंतीकडची दांडी सासूबाईंची. देवाचं वस्त्र, त्यांची पातळं, बाकी काही नाही. मागच्या आठवड्यात घाईत मी तिथे माझी लेगिंग टाकली होती, ऑफिसातून आले तर घडी घालून माझ्या उशीवर ठेवलेली होती, ओलीच.