तिसऱ्या डबीचा तळ

मॅट क्ले, म्हणजे केस बसवायचं चमक नसलेलं मातीमिश्रित मेण. त्याची माझी ही तिसरी डबी. 100 ग्रॅमची, काळ्या झाकणाची. परवा तिचा तळ दिसायला लागला, तेव्हा म्हटलं आता हिच्याबद्दल लिहायला हरकत नाही. चार दिवस वापरून पाच तारे देणाऱ्यांतला मी नाही. कंपनीचं नाव मुद्दामच सांगत नाही, कारण अर्धी तक्रार डबीची आहे आणि अर्धी माझ्याच डोक्याची. शिवाय या प्रकारच्या बहुतेक डब्यांत माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. म्हणजे दिवसातला अर्धा वेळ वर्गाकडे पाठ करून फळ्याशी उभा. माझ्या डोक्याचा जो भाग मला कधीच दिसत नाही, तो चाळीस मुलांना रोज दिसतो. दोनेक वर्षांपूर्वी मी समीकरण संतुलित करत असताना मागून हळूच आवाज आला, ‘सरांच्या भोवऱ्यात विमान उतरेल.’ ऐकू आलं नाही असं दाखवून मी समीकरण पूर्ण केलं. घरी जाऊन एक आरसा पुढे, एक मागे धरून बघितलं. पोरगं खरं बोलत होतं.

पहिला संशय अर्थातच जेलवर. कॉलेजपासून मी जेल लावत होतो. आई तर कधीपासूनच म्हणत होती, ‘ते चिकट फासायचं बंद कर, केस जातील.’ गंमत अशी की ती हे म्हणायची तेव्हा दादा बहुतेक वेळा तिच्या शेजारीच बसलेला असायचा. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्यानं आयुष्यात डोक्याला कंगव्यापलीकडे काही लावलेलं नाही, आणि त्याचं टक्कल माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे आहे. पण घरात पुरावा समोर बसलेला असला तरी आईचंच खरं असतं.

तर मी जेल सोडलं आणि क्लेवर आलो. भीतीपोटी आलो, पण टिकलो ते वस्तू चांगली निघाली म्हणून.

जेल म्हणजे पाण्यात फुगवलेलं पॉलिमर. बहुतेकांत पीव्हीपी असतं, म्हणजे पॉलिव्हिनाइलपायरोलिडोन. पाणी उडालं की त्याचा कडक पापुद्रा केसांवर बसतो आणि आठ-दहा केस एकत्र चिकटून त्यांची बट होते. दाट केसांच्या माणसाला ते शोभतं. विरळ केसांच्या माणसाची मात्र दोन बटांमधून टाळू चमकते, आणि वर तो ओला झगझगीतपणा. म्हणजे जेलनं माझे केस घालवले नव्हते, पण जे गेले होते ते सगळ्या वर्गाला दाखवले होते.

क्लेचं उलटं. मेण, थोडं लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण) आणि त्यात केओलिन किंवा बेंटोनाइट ही माती. माती तेल शोषते, केसांच्या पृष्ठभागाला खरखरीतपणा देते, उजेड विखुरते. केस एकमेकांवर घसरत नाहीत, उभे राहतात. तेवढेच केस जास्त वाटतात. ही फसवणूक आहे हे मला माहीत आहे, पण ती मी रोज सकाळी आनंदानं करतो.

लावायची पद्धत डबीवर तीन चित्रांत दाखवलीय, ती अपुरी आहे. क्ले थंड असताना दगडासारखी असते. बोटाच्या पेरानं खरवडायला गेलात तर नखात जाऊन बसते. उलट्या नखानं, म्हणजे अंगठ्याच्या नखाच्या पाठीनं, वाटाण्याएवढी काढायची. तळहातांवर चांगली वीस सेकंद घासायची. हातावर पांढुरकी रेघ दिसेनाशी झाली, तळवे नुसते चिकटसर लागले, की मगच केसांना. पूर्ण कोरड्या केसांवर, आणि आधी मागून. थेट कपाळावर हात नेला तर पहिला गोळा तिथेच बसतो आणि दिवसभर तिथेच राहतो. वास मंद, कडसर, दहा मिनिटांत जातो. पकड दुपारपर्यंत उत्तम, घाम आला की ढिली. पण पुन्हा बोटं फिरवली की केस परत उभे राहतात. जेलला ही दुसरी संधी नसते, ते एकदा मोडलं की भुसा पडतो.

आता मुद्द्याचं. क्ले सुरू केल्यावर पहिल्याच आठवड्यात मी हादरलो. मी एक दिवसाआड डोकं धुतो. त्या दिवशी बाथरूमच्या जाळीवर केसांचा हा एवढा पुंजका. वाटलं, आई जिंकली. डबी फेकणारच होतो, पण सवय मास्तरकीची, म्हणून आधी मोजायला घेतलं. पांढरा कागद, चिमटा आणि प्रयोगशाळेतलं भिंग. बायकोनं दारातून एकदा बघितलं आणि काही न बोलता दार लावून घेतलं.

मोजताना दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली: न धुण्याच्या दिवशी उशीवर, खांद्यावर, कंगव्यात जवळजवळ काहीच केस नव्हते. जेल सोडून क्ले धरण्याच्या मधल्या काळात मी महिनाभर काहीच लावलं नव्हतं, तेव्हा हेच केस रोज थोडेथोडे सगळीकडे सांडायचे. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज 50 ते 100 गळणं हा नेहमीचा व्यवहार आहे. क्ले काय करते, तर सुटलेला केसही शेजाऱ्याला चिकटवून जागेवर ठेवते. दोन दिवसांची गळती धुताना एकदम खाली येते, आणि आपण म्हणतो, बघा, क्लेनं केस काढले! ते केस निघण्याचं तर कधीच ठरलेलं असतं. गळणारा केस दोन-तीन महिने आधीच वाढायचा थांबून विश्रांतीला गेलेला असतो. परवा उघडलेल्या डबीचा त्यात काय हात?

दुसरी गोष्ट भिंगाखाली दिसली. मुळापासून सुटलेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरा दाणा असतो, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. तुटलेल्या केसाला तो नसतो, टोक नुसतं फाटलेलं, कधी दुभंगलेलं. क्लेच्या दिवसांतल्या पुंजक्यात जवळपास सगळे दाणेवाले. मग घरात पडून राहिलेल्या जेलच्या बाटलीवर मी आठवडाभर परत गेलो, निव्वळ प्रयोग म्हणून. संध्याकाळी कडक झालेल्या केसांतून बारीक दातांचा कंगवा ओढला, आणि कंगव्यात आखूड, बिनदाण्याचे तुकडे. म्हणजे जेलनं केस तुटत होते, गळत नव्हते. हा फरक किरकोळ नाही. तुटलेल्या केसाचं मूळ शाबूत असतं, तो महिन्याला सेंटिमीटरभर या गतीनं परत वाढतो. आणि तोडलं तरी कोणी, जेलनं की कंगव्यानं? माझ्या मते कंगव्यानं, जेलनं फक्त केस पकडून ठेवले.

तरीही शंका होती, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोकं उजेडात धरून पाहिलं आणि विचारलं, ‘क्ले सगळीकडे लावता की फक्त वर?’ म्हटलं, सगळीकडे. ‘मग कानामागचे केस का नाही गेले?’

मी चाळीस मुलांना नियंत्रित प्रयोग म्हणजे काय ते शिकवतो, आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावरचा नियंत्रित प्रयोग मला दिसला नव्हता. तीच क्ले, तेच हात, तोच शाम्पू. कानशिलं मागे सरकली, भोवरा उघडा पडला, आणि बाजूचे व मानेवरचे केस जसेच्या तसे दाट.

कारण आतलं आहे. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. वरच्या आणि पुढच्या केसांची मुळं आनुवंशिकतेनं त्याला हळवी असतील तर केस वाढण्या-गळण्याच्या दर फेरीला ती आक्रसत जातात. केस आधी बारीक होतो, मग आखूड, मग नुसती लव. हे सगळं त्वचेखाली तीन-चार मिलिमीटरवर चालतं. बाहेर दिसतो तो केस म्हणजे मृत केराटिन, नखांत असतं तेच प्रथिन. त्याला मेण लावा, माती लावा, खाली खबरही पोचत नाही. 1942 साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञानं मांडलं होतं की वयात येण्याआधी ज्यांचे अंडकोश काढले गेले त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, आणि अशांना टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात. जेलच्या बाटल्या घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला दादा आठवला, आणि त्याच्यामागे ओळीनं उभे दोन मामा.

पण लावायच्या या वस्तूंना मी सरसकट निर्दोष सोडणार नाही. माझ्याच बाबतीत एक गुन्हा सिद्ध झालाय. जेलच्या शेवटच्या वर्षात कपाळाच्या कडेला खाज यायची, बारीक खपल्या निघायच्या. मी कोंडा समजून कोंड्याचा शाम्पू चोळत बसलो. डॉक्टरांनी पाठीवर पॅच टेस्टच्या, म्हणजे ॲलर्जी कशाची ते शोधायच्या, पट्ट्या लावल्या, आणि एक चौकोन लालबुंद झाला: मिथाइलआयसोथायाझोलिनोन. उत्पादन टिकावं म्हणून घालायचं परिरक्षक. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाहाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2013 साली यालाच वर्षाचा ॲलर्जन, म्हणजे ॲलर्जी आणणारा पदार्थ, ठरवलं होतं, आणि युरोपात 2017 पासून अंगावर लावून ठेवायच्या सौंदर्यप्रसाधनांत ते वापरायला बंदी आहे. जेलची बाटली घरी जाऊन वाचली. होतं, अगदी बारीक अक्षरांत, शेवटून तिसरं. अशी दाहक टाळू सारखी खाजवली की तिथले केस जास्त गळतात. दाह शमला की बहुधा परत येतात. माझे कपाळाच्या कडेचे थोडे आलेही. भोवऱ्यातले आले नाहीत, तो वेगळा खटला.

या क्लेत ते परिरक्षक नाही. तिच्यात पाणी जवळजवळ नसल्यामुळे त्याची फारशी गरजही नसावी. सुगंधद्रव्य आहे, पण मला त्याचा त्रास झाला नाही. तुमची टाळू नाजूक असेल तर आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून बघा.

डबीचा खरा दोष धुताना कळतो. नुसत्या पाण्याला ती दाद देत नाही. पहिले दोन महिने मी दोन-दोनदा शाम्पू करून नखांनी खरडत होतो, आणि ओला केस कोरड्यापेक्षा सहज ताणला जातो, तुटतो.  उपाय उलटा आहे: आधी कोरड्याच केसांना कंडिशनर चोळायचा, मेण त्यात सैल होतं, मग एकदा शाम्पू. टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही. हे डबीवर लिहायला हवं होतं. त्याऐवजी तिथे ‘आत्मविश्वास’ हा शब्द दोनदा छापलाय. आणि लावून झोपू नका, कपाळावर पुटकुळ्या येतात. मी दोनदा झोपलो, दोन्ही वेळा आल्या.

डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल हे टक्कलावरचं, टाळूला लावायचं औषध सुरू केलंय. ते लावणाऱ्यांसाठी एक सांगतो. आधी औषध थेट टाळूवर, ते पूर्ण सुकू द्यायचं, मग क्ले. मी सुरुवातीला उलट करत होतो, म्हणजे मेणाच्या थरावर औषध ओतत होतो. तसंच, ते सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते. माझी वाढली, आणि आईनं पुन्हा डबीकडे बोट दाखवलं.

डबीला पाचापैकी साडेतीन. एक तारा धुण्याच्या कटकटीला कापला, अर्धा त्या ‘आत्मविश्वासाला’. केस गेल्याबद्दल एकही कापलेला नाही. केस अगदी दाट असतील तर मात्र घेऊ नका, वजनानं बसतात. खांद्यापर्यंत वाढवले असतील तरी नको. आणि ते केस घट्ट अंबाडा करून रोज ओढून बांधत असाल, तर डबीची चिंता सोडून आधी रबर काढा. रोजच्या ओढीनं मूळ खरोखर जातं, आणि वर्षानुवर्षं ओढत राहिलात तर परत येत नाही.

चौथी डबी मागवलीय. पहिली साडेतीन महिन्यांत संपली होती, दुसरीला पाच लागले, ही तिसरी सात महिने चालली. न्हाव्यानं केस आखूड ठेवायला सांगितलेत म्हणून असेल, किंवा लावायला कमी उरलेत म्हणून. हे मात्र मी मोजलेलं नाही.