पांडवलेणीचा शिलालेख वॉक: गाईड एक नंबर, नियोजनाची बोंब

नाशिकला राहून पांडवलेणी कितीदा चढलोय, पण भिंतीवरची ब्राह्मी अक्षरं नुसती बघून खाली यायचो. यावेळी एका ग्रुपचा शिलालेख वॉक बुक केला (नाव देत नाही, पुढे तक्रार आहे) आणि पैसे मात्र वसूल झाले.

आधी १० नंबरचं लेणं. क्षहरात घराण्याचा राजा नहपान, त्याचा जावई उषवदात याने आपल्या दानांची यादीच तिथे कोरून ठेवलीय, तीन लाख गाई वगैरे, आणि भिक्षूंच्या कपड्यांसाठी विणकरांच्या दोन श्रेणींकडे (म्हणजे व्यावसायिक संघांकडे) ३००० कार्षापणांची (तेव्हाची नाणी) ठेव! २००० वर महिना शेकडा एक व्याज, १००० वर पाऊण, मुद्दलाला हात लावायचा नाही.

मग ३ नंबर, इथे खरी मजा. नहपानाला हरवणारा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याचा १८व्या राज्यवर्षाचा हुकूम आहे की आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत भिक्षूंना दिलंय. म्हणजे राज्य कुणाचं गेलं, कुणाचं आलं ते सातबाऱ्यावरचं नाव बदलावं तसं कळतं. आणि लगेच २४व्या वर्षाचा लेख, की ते शेत कुणी कसत नाही, गावही ओस आहे, तर त्याऐवजी इथल्या नगराच्या शिवेवरचं राजाचं १०० निवर्तनं घ्या. "युद्धामुळेच ओस पडलं असणार" असं कोणीतरी म्हणालं तर गाईड म्हणाला, लेखात कारण दिलेलं नाही, आपण घालायचं नाही. इथेच माणूस आवडला.

गौतमीपुत्राची आई बलश्री, तिचा मोठा लेखही तिथेच. मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला असं आई, तेही नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी, कोरून ठेवते, म्हणजे कौतुक धरूनच वाचायचं. पण १९०६ ला नाशिकजवळच्या जोगलटेंभी गावात नहपानाची १३ हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने आपला छाप मारलाय, तेव्हा नुसती बढाई नाही.

आता तक्रार. उशिरा निघालो, ऊन डोक्यावर, आणि एवढी गर्दी त्या ओसरीत कोंबल्यावर मागच्यांना ना ऐकू येत ना अक्षर दिसत. लेखाची साधी झेरॉक्स पण दिली नाही, आणि बलश्रीचा लेख तर घाईत उरकला, हे फार खटकलं.

जाणार असाल तर सकाळची पहिली बॅच घ्या, टॉर्च न्या आणि गाईडच्या बाजूलाच चिकटून राहा.