सायकोपाय: भाषाबदल मोजायला उत्तम, पण मायक्रोफोनवर विसंबू नका

भाषाबदलाच्या चाचणीत चित्राभोवतीची चौकट निळी किंवा हिरवी असेल तर चित्राचं नाव मराठीत सांगायचं, लाल किंवा पिवळी असेल तर इंग्रजीत. भाषा बदलली की उत्तराला काही मिलिसेकंद जास्त लागतात, आणि द्वैभाषिक माणूस भाषांवर ताबा कसा ठेवतो हे या फरकावरून तपासतात. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जोनाथन पीअर्स यांनी सुरू केलेलं सायकोपाय हे सॉफ्टवेअर यासाठी फुकट मिळतं. त्यातल्या 'बिल्डर'मध्ये कोड न लिहिता चाचणी उभी राहते.

चित्र दाखवण्याची वेळ ते चोख पाळतं. ६० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला साठदा नव्याने उमटणाऱ्या पडद्यावर एक फ्रेम (एकदाचं उमटणं) १६.७ मिलिसेकंदांची असते, म्हणून चित्राचा कालावधी फ्रेममध्येच द्या.

घोळ होतो तो लूपमध्ये, म्हणजे एकामागून एक चित्रं आणणाऱ्या भागात. तो आपोआप 'रँडम' असतो आणि तसाच राहिला तर भाषा किती वेळा बदलेल याचा नेम नाही. क्रम एक्सेलमध्ये आधीच लावा, 'सिक्वेन्शियल' निवडा, प्रत्येक ओळीपुढे 'बदल' की 'तीच' ते लिहा. पहिली ओळ दोन्हींत बसत नाही, ती गाळा. उत्तर चुकलं तर त्याच्या पुढचीही गाळा, कारण आधी कोणती भाषा चालू होती तेच सांगता येत नाही. एका भाषेला दोन रंग का? रंग एकच असेल तर भाषेबरोबर खूणही दर वेळी बदलते, मग उशीर नेमका कशामुळे झाला ते कळत नाही.

खरी डोकेदुखी आवाजाची. आवाजाची पातळी ठरावीक रेषेवर गेली की उत्तर सुरू झालं असं मानलं, तर 'टोपी'तला ट लगेच पकडला जातो, 'सफरचंद'मधला स उशिरा. ओठांचा नुसता चक् आवाजही उत्तर म्हणून नोंदला जातो. ही चूक सहज दहा-वीस मिलिसेकंदांची होते, आणि मोजायचा फरकही पुष्कळदा तेवढाच असतो. म्हणून रेकॉर्डिंग जपून ठेवा आणि उच्चाराची सुरुवात प्रात या ध्वनी तपासण्याच्या फुकट प्रणालीत आवाजाच्या लहरी बघून हाताने लावा. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. शिवाय 'सफरचंद' आणि 'ॲपल' यांचा पहिला ध्वनी वेगळा, त्यामुळे मराठीच्या वेळेची थेट इंग्रजीशी तुलना नको. प्रत्येक चित्र 'बदल' आणि 'तीच' या दोन्हींत सारख्याच वेळा आलं, की एकाच भाषेतल्या 'बदल' उणे 'तीच' या वजाबाकीत हा दोष बराचसा निघून जातो.

'पेन', 'बस' अशी चित्रं घेऊ नका, दोन्ही भाषांत तोच शब्द येतो. एकजण 'भांडं' आणि दुसरा 'पातेलं' म्हणेल अशीही नकोत.

सर्वसाधारण मनोनियंत्रणासाठी बाणांची फ्लँकर चाचणी (आजूबाजूच्या बाणांकडे दुर्लक्ष करून मधल्याची दिशा सांगायची) याच फाइलमध्ये जोडता येते, आणि कळदाबीची असल्याने सोपी जाते. मात्र वजाबाकीतून आलेला आकडा त्याच माणसाचा पुन्हा मोजला तरी बराच हलतो. त्यामुळे दोन चाचण्यांचा मेळ बसला नाही, एवढ्यावरून भाषेचा ताबा आणि मनाचा ताबा वेगळे असं ठरवता येत नाही.