जँगो : हाताशी आलेल्या सोयी, नजरेआड गेलेले काम

एका लहान ग्रंथालयाच्या पुस्तकनोंदणीसाठी मी जँगो हे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले वेब फ्रेमवर्क (वेबसाइट उभारण्याचा तयार सांगाडा) निवडले, ते मुख्यतः त्याच्या अ‍ॅडमिनसाठी. पुस्तक, लेखक आणि सभासद अशी तीन मॉडेल (नोंदीत कोणती माहिती असेल ते सांगणारी वर्णने) लिहून अ‍ॅडमिनमध्ये प्रत्येकाची एकेक ओळ घातली, की नोंद भरण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि काढून टाकण्याचे स्क्रीन आयते मिळतात; ग्रंथपालांनी त्याच संध्याकाळी नोंदी भरायला घेतल्या. कॅन्ससमधील लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडलेल्या आणि २००५ मध्ये खुल्या झालेल्या या साधनाला हाताखालचे काम त्याच दिवशी उरकण्याची सवय जन्मापासूनच आहे.

सोय पुरवताना आतले काम किती झाकायचे, हा प्रश्नही जँगोला तेव्हापासूनच पडलेला आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत मॉडेल आपल्या फोल्डरमध्ये लिहायचे, पण ते आयात करायचे (दुसऱ्या फाइलीत वापरायला घ्यायचे) जँगोच्याच नावाखालून, जिथे तशी फाइल मुळात नसायची. २००६ च्या ०.९५ आवृत्तीने ही जादू काढून टाकली. त्यासाठी वापरणाऱ्यांना आपला जुना कोड बदलावा लागला, तरीही तो निर्णय मला या फ्रेमवर्कच्या वाटचालीतला सर्वांत मोलाचा वाटतो.

काही जादू मात्र उरली आहे. टेम्पलेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, पुस्तकापुढे लेखकाचे नाव मागितले, की जँगो मुकाट्याने डेटाबेसकडे जाते; पन्नास पुस्तकांच्या यादीला अशा एक्कावन्न क्वेरी (डेटाबेसकडे केलेल्या मागण्या) लागतात, यादीसाठी एक आणि प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी एकेक. पुस्तकांसोबतच लेखकही आणायला सांगणारे 'सिलेक्ट रिलेटेड' लिहिल्यास एकीतच भागते, पण ते लिहायला हवे हे टेम्पलेटची ओळ वाचून कळत नाही. सिग्नलबाबत, म्हणजे एखादी घटना घडताच आपोआप चालणाऱ्या कोडबाबत, मी अधिक सावध झालो आहे. नवा सभासद जतन होताच स्वागताचा ईमेल जावा म्हणून मी एक सिग्नल लिहिला होता. पुढे जुनी यादी आत घेताना वर्षानुवर्षांच्या सभासदांनाही तो ईमेल गेला, कारण यादी आत घेणाऱ्या कोडमध्ये त्या सिग्नलचा मागमूस नव्हता. आता ईमेल पाठवणारे साधे फंक्शन मी अ‍ॅडमिनच्या नोंद जतन करणाऱ्या 'सेव्ह मॉडेल'मधून उघडपणे बोलावतो.

आर्मिन रोनाखर यांचे २०१० मधील फ्लास्क हे पायथनचेच छोटे वेब फ्रेमवर्क एका फाइलीत सुरू होते आणि एखाद्या छोट्या सेवेसाठी मी आजही तेच घेईन. परंतु लॉगिन, फॉर्म, मायग्रेशन (डेटाबेसच्या रचनेतले बदल) असे एकेक लागत गेले, की निरनिराळी पॅकेजे आणून आपणच आपले फ्रेमवर्क जुळवू लागतो, आणि ते जुळवणीचे ज्ञान पुढच्या माणसाला कुठल्याही दस्तऐवजात सापडत नाही. शिवाय फ्लास्कमध्येही 'रिक्वेस्ट', म्हणजे ब्राउझरकडून आलेली विनंती, फाइलीच्या माथ्यावर जागतिक वस्तूसारखी आयात होते, पण प्रत्यक्षात दर विनंतीगणिक वेगळी असते. म्हणजे तेथेही पडदा आहेच.

ग्रंथालयासाठी जँगोच ठेवले आहे. पानागणिक किती क्वेरी झाल्या हे दाखवणारी डीबग टूलबार मात्र वेगळी बसवावी लागते. ती जँगोसोबतच यायला हवी, असे माझे ठाम मत आहे.