स्नेक प्लांट आणावं का मनी प्लांट? आपल्याकडचा उन्हाळा धरून सांगतो

आधी एवढं सांगा, मे महिन्यात तुमच्या घराला कुलूप लागतं का? लग्नसराईत आठ-पंधरा दिवस घर बंद राहत असेल, नाहीतर पेरणी-डवरणीच्या दिवसात सगळेच सकाळपासून वावरात असतील, तर स्नेक प्लांट घ्या अन् मोकळे व्हा. त्याची पानं जाड, आत पाणी साठवलेलं, आणि पानांवरची छिद्रं ते रात्री उघडतं, दिवसा बंद ठेवतं, म्हणून दुपारच्या झळांमध्ये अंगातलं पाणी उडून जात नाही. यालाच धरून लोक सांगतात की रात्री ऑक्सिजन देतं, हवा साफ करतं वगैरे. झाडं हवा साफ करतात का हे बघणारी नासाची 1989 ची चाचणी छोट्या बंद पेटीत झाली होती भाऊ, आपली दारं-खिडक्या दिवसभर उघडी, एका गमल्यानं काय फरक पडणार.

मनी प्लांटचं तसं नाही, त्याला घरात माणूस पाहिजे. पण एक गुण मला त्याचा जास्त आवडतो, तहान लागली की पानं लोंबतात, पाणी दिलं की काही तासांत पुन्हा उभी. स्नेक प्लांट बोलतच नाही, पान बुडाशी मऊ पडलेलं दिसलं म्हणजे खाली मुळं सडून गेलेली असतात, आणि ते सडतं जास्त पाण्यानं. म्हणून ज्या घरी सासूबाईही पाणी टाकतात, सूनबाईही टाकते अन् जाता जाता पोट्टेही टाकतात तिथं स्नेक प्लांट नकोच.

माती दोघांनाही नडते. वावरातली काळी माती फुकट आहे म्हणून तीच गमल्यात भरतात, ओली असली की पाणी सोडत नाही, वाळली की भेगा पडतात अन् मुळं तुटतात. स्नेक प्लांटला निम्मी रेती टाका, बाकी माती अन् थोडं कुजलेलं शेणखत. मनी प्लांटला रेती थोडी कमी चालते. गमल्याला खाली छिद्र पाहिजेच.

जागेचं म्हणाल तर दोघांनाही उजेड पाहिजे, ऊन नको, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडं पारा 46-47 ला टेकतो तेव्हा ओसरीतलं मनी प्लांटही करपते. कूलरच्या खोलीत ते खुश, ओली हवा त्याला मानवते, फक्त झोताच्या तोंडाशी ठेवू नका. बोअरचं पाणी खारं असेल तर पानांची टोकं तपकिरी होतात, पावसाचं पाणी भरून ठेवता आलं तर बरं.

रांगतं लेकरू किंवा घरात शिरणारी बकरी असेल तर वेगळा विचार करा. मनी प्लांटचं पान चावलं की तोंडाची आग होते, स्नेक प्लांट खाल्लं तर कुत्र्या-मांजराला उलट्या होतात. पण मनी प्लांट वर खुंटीला टांगता येतं, स्नेक प्लांट बहुतेक जमिनीवरच बसतं.

पैशाचं सोपं आहे. मनी प्लांट विकत कशाला, शेजारणीकडून वेलीचा, पान फुटतं ती गाठ असलेला एक तुकडा मागा. स्नेक प्लांट नर्सरीतून एकदा आणलं की बाजूला पिल्लं फुटतात, तीच वेगळी करा, पिवळ्या काठाच्या जातीचं नुसतं पान कापून लावलं तर नवीन झाड हिरवंच निघते.

मनी प्लांट बाटलीत लावाल तर आठवड्याला पाणी बदला, नाहीतर डेंगूचे मच्छर त्यातच वाढतात.